बाटली बदलली तरी लेबल हवंच
कामावर अजूनही बघते, मोठ्या कॅनमधलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग-ग्रीस विरघळवणारं केमिकल, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओततात आणि वर काहीच लिहीत नाहीत, पोटात गोळाच येतो माझ्या. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जीएचएस, म्हणजे केमिकलचे धोके आणि लेबलं जगभर एकसारखी ठेवायची पद्धत, आणलं ते ह्याचसाठी ना, की केमिकल कुठलंही असो, धोका एका नजरेत कळावा! ९ चिन्हं आहेत, लाल किनारीची. त्यातलं छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चिन्ह नीट बघा, त्याचा अर्थ कॅन्सर, दमा, अवयवांचं नुकसान असा असू शकतो, म्हणजे आज काहीच जाणवलं नाही तरी कितीतरी वर्षांनी कळू शकतं. सेफ्टी डेटा शीटचे, म्हणजे केमिकलसोबत येणाऱ्या माहितीपत्रकाचे, १६ भाग कोण वाचणार म्हणतात, अहो निदान दुसरा आणि चौथा तरी वाचा, दुसऱ्यात धोके असतात, चौथ्यात प्रथमोपचार.