तुम्ही विचारलंत म्हणून : जागा निघाल्या का?

रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारचे काका भेटले. "पोरीचं एमएस्सी झालं. युनिव्हर्सिटीत काही निघून राहिलं असंल त सांगजा ताई."

मी विद्यापीठात नोकरीला नाही, एका संशोधन प्रकल्पावर तीन वर्षं होते, एवढंच. तरी नागपुरात अमरावती रोडवरच्या, म्हणजे विद्यापीठातल्या, सगळ्या जागांचा हिशेब माझ्याकडेच असल्यासारखं लोक विचारतात.

जागा निघतात. पण जाहिरातीत पदाचं नाव नंतर वाचा, पगार कुठून येणार ते आधी बघा.

शासनमान्य पद म्हणजे पक्कं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये. पण जाहिरातीआधी पद भरायला शासनाची मंजुरी हवी, बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची यादी, तपासून हवी; एक कागद अडला की बाकीचे खोळंबतात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या जागांचंही तेच. सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी नसेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा मात्र लागतेच. पीएचडीची सक्ती यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, जुलै २०२३ मध्ये काढली, तरी आपल्याकडे अजून "पीएचडीशिवाय अर्जच करू नको" हा सल्ला फुकट मिळतो.

प्रकल्पाची जागा वेगळी. पैसा बहुतेक दिल्लीहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला मिळालेला. जाहिरात एका पानाची, मुलाखत लवकर. नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा पास असेल तर कनिष्ठ संशोधन फेलोला जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं. खाली एक ओळ असते : 'नेमणूक प्रकल्पाच्या कालावधीपुरती.' ती मोठ्यानं वाचा, घरच्यांनाही ऐकवा.

तासिका तत्त्वाबद्दल, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर शिकवण्याबद्दल, काय सांगू? मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे मानधन नाही.

माझ्या वेळी दुसऱ्या वर्षी सात महिने पगार झाला नाही. दिल्लीवाल्यांनी पैसे अडवले असं मी धरून चालले होते. निघालं भलतंच. पहिल्या वर्षाच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि ते अडलं होतं काचसामानाच्या एका बिलावर. बिलावर दुकानाचा शिक्काच नव्हता. एप्रिलच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मी सीताबर्डीला त्या दुकानात गेले. मालकानं गल्ल्याखालून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली, ठप्पा दिला आणि विचारलं, "एवढ्यासाठी आलात?" पुढच्या महिन्यात सात पगार एकदम जमा झाले. त्यातले निम्मे उधारीत गेले.

म्हणून काकांना म्हटलं, प्रकल्पाची मुलाखत असली तर पोरीला तिथेच विचारू द्या : प्रकल्पाची किती वर्षं उरलीत, आणि मागच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं का? विचारलं म्हणून कोणी नापास करत नाही.

काकांनी सगळं नीट ऐकलं. पोह्यांवर आणखी तर्री ओतून घेतली.

"ते ठीक आहे जी. पण पर्मनंट कधी निघतीन?"