अक्काचं एपीएल आणि दवाखान्यांच्या टक्केवारीचा माझा हिशोब

आमच्याकडं एपीएल म्हटलं की रेशन कार्ड. त्यामुळं रात्री साडेनवाला डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद हातात धरून "एपीएल वाटतंय" म्हणाल्या तेव्हा दाजी खिशात हात घालून कार्डच काढायला लागले, नाही मॅडम, आमचं बीपीएल हाय म्हणून. आता आम्ही सगळे त्यावर हसतो, त्या रात्री कुणी हसलं नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, नंदगडात असते, वय ३८. गणपतीच्या आधल्या आठवड्यात ब्रश करताना हिरड्यातनं रक्त यायला लागलं, मग मांडीवर निळे डाग, मग पाळी थांबेचना. खानापुरात रक्त तपासलं तर प्लेटलेट १४ हजार, पांढऱ्या पेशी पण कमी. दिवस डेंगीचे, त्यामुळं डेंगी समजून एक दिवस सलाईन लावण्यात गेला. त्यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, आकडे खरंच डेंगीसारखेच होते. बेळगावला आणल्यावर मात्र लॅबवाल्यानं स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि थेट वॉर्डात फोन केला.

अॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजेच एपीएल, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार, जुन्या भाषेत एम-थ्री. अॅक्युट मायलॉइड ल्युकेमियाच्या शंभरात दहा-पंधरा जण याचे. पंधराव्या आणि सतराव्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत बदलतात आणि पेशी अर्धवट वाढूनच अडकतात. त्या पेशी रक्त गोठण्याचा सगळा बंदोबस्तच बिघडवून टाकतात, म्हणून पेशंट पहिल्या काही दिवसांत कॅन्सरनं कमी आणि मेंदूत नाहीतर फुप्फुसात रक्तस्त्राव होऊन जास्त जातात. आणि तेवढे दिवस निघाले तर ब्लड कॅन्सरमधल्या सगळ्यात बऱ्या होणाऱ्या प्रकारांतला हा एक. हे दोन्ही एकदमच खरं आहे हे डोक्यात शिरायला मला आठ दिवस लागले.

मी सोसायटीत हिशोबाला आहे, म्हणजे पतसंस्थेत. संकट आलं की माझा हात आधी आकड्याकडं जातो. कॉरिडॉरमध्ये बसून मोबाईलवर शीट उघडली, दवाखाना, अंतर, खर्च, टक्के, असे रकाने पाडले आणि फोन लावत सुटलो. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो पुण्याला आणा, मुंबईचा मित्र म्हणतो टाटाशिवाय दुसरं नावच घेऊ नको, दाजींचा भाऊ बेंगळुरात कंपनीत आहे तो म्हणतो किडवाई, आणि शेजारच्या बेडच्या पेशंटच्या काकू म्हणाल्या वेल्लोरला जावा, तिथनं आमचा माणूस चालत आला. एका ठिकाणी ९८ टक्के यश लिहिलेलं, दुसरीकडं ९०, कुठल्या तरी पेपरात ८६. मी ९८ वर बोट ठेवलं आणि रात्री बाराला ॲम्ब्युलन्सवाल्याशी भाव करत उभा राहिलो. मला वाटलेलं मी लई शहाणपणा करूलोय.

डॉक्टरीणबाई आल्या. "पाचशे किलोमीटर जाताना वाटेत प्लेटलेट कोण चढवणार, तुम्ही?" मी म्हटलं पण मॅडम पक्का रिपोर्ट तर येऊ दे. "रिपोर्ट यायला चार दिवस लागतील, खरं गोळी आज रात्रीच सुरू व्हायला पाहिजे. नुसता संशय आला तरी सुरू करायची असते ती. चुकीचं निघालं तर बंद करू, त्यात काही बिघडत नाही."

ती गोळी म्हणजे अट्रा, मेडिकलवाले ट्रेटिनॉइन म्हणतात. अ जीवनसत्त्वाच्या घरातलं औषध, दहा मिलिग्रॅमची कॅप्सूल, अक्काच्या उंची-वजनाला दिवसाला सात बसत होत्या. आणि त्या रात्री तिथल्या मेडिकलमध्ये एक पण नव्हती. बेळगावात सहा-सात जणांना उठवलं. शेवटी कोल्हापूरच्या एका डिस्ट्रिब्युटरनं ओळखीवर गोडाऊन उघडलं, निपाणीचा आत्तेभाऊ बाईकवरनं जाऊन घेऊन तसाच हायवेनं बेळगावला आला, पावसात, साडेतीनला. २८ कॅप्सूल, जॅकेटच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळून. नर्सबाईंनी पावणेचारला पहिल्या गिळायला लावल्या.

माझ्या शीटमध्ये "गोळी स्टॉकात आहे का" असा रकानाच नव्हता.

पुढचे पंधरा दिवस रक्ताचे. प्लेटलेट तीस-पन्नास हजारांच्या वर ठेवायच्या, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन उतरलं की क्रायो नाहीतर एफएफपी, म्हणजे रक्तातनं वेगळ्या काढलेल्या गोठवणाऱ्या घटकांच्या पिशव्या, सकाळ-संध्याकाळ तपासणी. गणपती बसलेले, मंडळाची पोरं मांडवातनं उठून ब्लड बँकेत यायची, वर्गणी मागायला येणारी हीच पोरं, त्यांच्याबद्दल मी आयुष्यात परत वाकडं बोलणार नाही. मग आर्सेनिकची ड्रिप सुरू झाली. आईला कुणीतरी सांगितलं की आर्सेनिक म्हणजे सोमल, तर ती दारातच खाली बसली, पोरीला विष घालतात म्हणून. तिला सांगितलं, चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हे सुरू केलं, अट्रा पण पुढं शांघायलाच पहिल्यांदा नीट वापरली, आता जगभर हेच देतात. तिला शांघायशी काय करायचंय, ती म्हणाली ड्रिप लावताना मी जवळ बसणार. बसली.

नवव्या दिवशी अक्काचं वजन चार किलोनं वाढलं, ताप आणि दम. डिफरन्सिएशन सिंड्रोम, म्हणजे अडकलेल्या पेशी औषधानं एकदम मोठ्या व्हायला लागल्या की असं होतं. त्याच तासाला डेक्सा, म्हणजे स्टिरॉइड, सुरू केलं. रोज वजन बघत होते म्हणून ते वेळेत सापडलं, नाहीतर आम्ही समजलो असतो सलाईननं अंग भरलंय.

या दिवसांत रात्री बसून मी शीट परत मांडली, आणि या खेपेला टक्क्याच्या आधी खालचा भाजक बघायचा ठरवलं. आमच्या धंद्यात एक गंमत असते. एखादी सोसायटी ९८ टक्के वसुली दाखवते तेव्हा आधी विचारायचं, कर्ज दिलं कुणाला? नोकरदारांनाच दिलं असेल तर वसुली होणारच की. दवाखान्याचं तसंच निघालं.

२०१३ साली इटली-जर्मनीचा एक मोठा अभ्यास छापून आला, अट्रा अधिक आर्सेनिक विरुद्ध अट्रा अधिक केमो. आर्सेनिकवाल्या गटात दोन वर्षांनी ९९ टक्के पेशंट जिवंत, केमोवाल्यात ९१. वाचून मी उडालोच. मग खाली बघितलं तर पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर असलेले पेशंट त्यात घेतलेलेच नव्हते, आणि तेच खरे धोक्याचे. शिवाय अभ्यासात नाव घालायला आधी माणूस त्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोचावा लागतो. याउलट स्वीडननं १९९७ ते २००६ मधले देशातले सगळेच पेशंट मोजले, १०५ जण, तर त्यातले २९ टक्के पहिल्या तीस दिवसांतच गेलेले. स्वीडन! आमच्यासारखा खानापूरचा घाट रस्ता नाही तिथं. म्हणजे रोग तोच, अट्रा दोन्हीकडं मिळायची, मोठा फरक कुणाला धरलं आणि मोजणी कुठनं सुरू केली याचा.

वेल्लोरचा ८६ चा आकडा मी पहिल्या रात्री कमी म्हणून खाली ढकललेला. तो बघितला तर ७२ पेशंट, त्यातले ६२ रेमिशनमध्ये, म्हणजे तपासणीत रोग दिसेनासा झालेले, आणि नुसतं आर्सेनिक वापरून, कारण महागडी ट्रीटमेंट परवडत नव्हती त्या लोकांना. त्या ८६ ची किंमत मला आता ९८ पेक्षा जास्त वाटते. ब्राझील, मेक्सिको, चिली, उरुग्वे या देशांनी तर काही नवीन औषध न आणता, एकमेकांचे डॉक्टर सतत संपर्कात ठेवून आणि संशय आला की लगेच अट्रा देऊन, सुरुवातीचे मृत्यू ३२ टक्क्यांवरनं १५ वर आणले. हे वाचलं तेव्हा मला आत्तेभावाची बाईक आठवली.

मग मी मोठ्या दवाखान्यांना फोन करून वेगळं विचारायला लागलो. गेल्या वर्षात या रोगाचे किती पेशंट दारात आले, कॅज्युअल्टीत गेलेले धरून? त्यातले पहिल्या महिन्यात किती गेले? दहा हजारांवरचे किती होते? एका ठिकाणी रिसेप्शनच्या बाईनं मला पॅकेज सांगितलं. दुसरीकडं एका तरुण डॉक्टरांनी खरं खरं सांगितलं की सर, जे आमच्याकडं पोचायच्या आधीच जातात ते कुणाच्याच वहीत नसतात. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

अक्काला हलवलं नाही. बेळगावातच इंडक्शन, म्हणजे उपचाराचा पहिला टप्पा, झालं, पीसीआरचे (रोगाचा उरलासुरला अंश शोधायच्या तपासणीचे) नमुने बेंगळुरूला जायचे. पुढं कन्सॉलिडेशन, म्हणजे रोग परत येऊ नये म्हणूनचा टप्पा, आठवड्यातले पाच दिवस ड्रिप, चार आठवडे चालू, चार आठवडे बंद, असे चार फेरे, नंदगडहून येऊन जाऊन. डोकं दुखायचं, ओठ सालपटायचे, दर वेळी ईसीजी आणि पोटॅशियम. बीपीएल कार्डावर आरोग्य कर्नाटकातनं वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळतं, त्यात बरंच बसलं, ती पहिल्या रात्रीची कॅप्सूल मात्र खिशातनं. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीच्या महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेचं पण एकानं सुचवलं, खरं पेशंट इथं ॲडमिट असताना दोन राज्यांच्या कागदांमागं पळायची ताकद कुणात नव्हती.

शेवटच्या फेऱ्यानंतरचा पीसीआर निगेटिव्ह आला. त्यानंतरचेही.

गेल्या महिन्यात चिक्कोडीहून एकाचा फोन आला, कुणीतरी माझा नंबर दिलेला. पुतण्याला एम-थ्रीचा संशय सांगितलाय, तुम्ही म्हणे सगळ्या दवाखान्यांची यादी केली आहे, एक नंबर कुठला तेवढं सांगा. मी विचारलं पोरगं आत्ता कुठं आहे. म्हणाले ॲम्ब्युलन्समध्ये, निघालोच आहे. म्हटलं आधी उतरवा, गाडी बाजूला लावा आणि आतल्या डॉक्टरांना विचारा अट्रा दिली का. ते म्हणाले, थांबा हं, आणि फोन चालू ठेवूनच पळत गेले.