शेणाच्या ढिगाला ताप किती? हिवाळ्यातल्या ढिगाची नोंद

यंदाचा शेणखताचा ढीग डिसेंबरच्या सुरुवातीला रचला. जागा घरामागचीच. गवळ्याकडचं म्हशीचं ताजं शेण, सोयाबीनचं कुटार, थोडं धानाचं तणीस आणि मागच्या पानगळीत पोत्यांत भरून ठेवलेला पालापाचोळा एवढा माल. घमेल्याच्या मापानं शेण एक, तर कोरडा माल दोन. लांबी, रुंदी आणि उंची सव्वा मीटरच्या आसपास, भोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. घनमीटरभर तरी माल नसला तर आतली ऊब टिकत नाही, आणि नागपुरात रात्री पारा दहाच्या खाली उतरला की लहान ढीग नुसता थंड पडून राहतो.

एवढा खटाटोप कशाला, वर्षभर उकिरड्यात पडलेलं शेणखत काय वाईट, असं बरेच जण विचारतात. पिकासाठी काहीच वाईट नाही. प्रश्न खाणाऱ्याचा आहे. धडधाकट, भरपूर दूध देणाऱ्या जनावराच्या शेणातही साल्मोनेला, ई. कोलायची ओ१५७ ही जात किंवा क्रिप्टोस्पोरिडियम असे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, जनावर आजारी दिसत नाही. ढीग नीट तापला तर ते मरतात. उकिरडा कुजतो, पण तापतोच असं नाही. जमिनीत खड्डा, वरून रोजचं ओलं शेण, हवा कुठूनच नाही. अशा गार, ओल्या जागी हे जंतू महिनोन्‌महिने तग धरतात. खत काळंभोर आणि भुरभुरीत दिसलं म्हणून ते तापून निघालं असेल असं समजू नये.

पऱ्हाटीच्या वावरात उन्हाळ्यात शेणखत टाकायचं आणि पाऊस पडला की पेरायचं, ही आपली जुनी रीत त्या पिकाला बरोबरच आहे. कापूस कोणी कच्चा खात नाही. माझ्या वाफ्यात मात्र सांबार (म्हणजे कोथिंबीर), मुळा, पालक आणि कांद्याची पात आहे, आणि सांबार तर धुतला न धुतला असा तर्रीवर पडतो. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत यासाठी सरळ आकडे दिले आहेत. कच्चं शेण टाकलं तर मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी त्यानंतर किमान १२० दिवसांनी, मातीला न टेकणाऱ्याची ९० दिवसांनी. पालक तर महिना-दीड महिन्यात कापायला येतो. म्हणजे दिवाळीनंतरच्या भाजीला कच्चं शेण द्यायचं, तर ते जूनमध्येच मातीत गेलेलं पाहिजे. नाहीतर मग तापवून घ्या.

तापवण्याचाही नियम तिथेच आहे. उघड्यावर रचून पालटायच्या ढिगात ५५ ते ७७ अंश सेल्सियस तापमान १५ दिवस टिकलं पाहिजे आणि त्या काळात तो किमान पाच वेळा पालटला पाहिजे. बंद पात्रात किंवा खालून हवा खेळवलेल्या ढिगात तीन दिवस पुरतात. पंचावन्न हा आकडा पाठ होतो, पाच पालट्या मात्र लोक विसरतात. माझ्या मते खरं काम त्यांचंच आहे.

माझा तापमापक लांब दांड्याचा, घड्याळासारख्या तबकडीचा. पहिल्या आठवड्यात एका सकाळी ढिगाच्या पोटात ६४ दाखवलं. तोच दांडा बाजूनं वीतभर आत घातला तर ४७. खालच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, ३९. एकाच ढिगात, एकाच वेळी. पोटातला आकडा पाहून खूश होणारा माणूस त्या कोपऱ्यातल्या शेणाचा विचार करत नाही, आणि ३९ म्हणजे जवळजवळ जनावराच्या पोटातलंच तापमान, जंतूंना सवयीचं. बाहेरच्या सालीत तर माश्यांच्या अळ्या मजेत फिरत होत्या.

म्हणून पालटताना नुसतं वर-खाली करायचं नाही. मी आधी जाळी सोडतो, चारही बाजूंची वीतभर साल आणि तळाचा थर दाताळ्यानं ओढून वेगळा काढतो. मग मधला गरम माल बाजूला करतो. नवा ढीग रचताना सालीचा माल पोटात आणि पोटातला माल बाहेर. पहिल्या पालटीला वाफेबरोबर अमोनियाचा असा भपका आला की डोळ्यांत पाणी. शेण जास्त, कुटार कमी, असा त्याचा अर्थ. दोन पोती कुटार वाढवलं आणि वास बसला. दुसऱ्या पालटीला मध्यभागी राखेसारखे पांढुरके पट्टे दिसले. ते ॲक्टिनोमायसीट्स, म्हणजे बुरशीसारखे तंतू धरणारे जिवाणू. ते दिसणं चांगलंच, पण पट्टे हाताला कोरडे लागले की पाणी कमी पडतंय असं समजायचं. मूठ आवळली की एखाद-दोन थेंब निघावे, धार लागू नये. आकड्यात सांगायचं तर ओल ५० ते ६० टक्के.

शेण आणून देणारा गवळी भाऊ तबकडी बघून म्हणाला, "याले कायचा ताप पाह्यता भाऊ? लेकरू हाय का हे?" चहा होईपर्यंत मात्र त्यानं स्वतःच तीन ठिकाणी दांडा खुपसून पाहिला.

इथे नाडेपचा विषय निघणारच. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही पद्धत विदर्भातलीच, आणि कमी शेणात जास्त खत करायला तिला तोड नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं भोकं ठेवलेलं विटांचं टाकं, त्यात सुमारे शंभर किलो शेणाला १४०० ते १५०० किलो काडीकचरा, मातीचे थर आणि वरून लिंपण. तीन-चार महिन्यांत खत तयार. पण नाडेप पालटत नाहीत, त्यामुळे भिंतीलगतचा माल तापलाच असेल याची खात्री देता येत नाही. ते खत मी लिंबाला, कढीपत्त्याला, वांग्याला घालतो. पालेभाजीला नाही. जीवामृत या आंबवलेल्या द्रावणाचंही तेच. ते कच्च्या शेणाचंच, म्हणून मुळाशी ओतावं, कच्च्या खायच्या पानांवर फवारू नये.

कोंबडी खत याच ढिगात चालतं, पण त्यात नत्र फार, कुटार वाढवावं लागतं. कुत्र्या-मांजराची विष्ठा अजिबात नको.

ताप उतरल्यानंतरची काळजी लोक सोडून देतात. तयार खतात कच्च्या शेणाचं घमेलं बुडवलं की जंतू परत आले. शिवाय साल्मोनेलाला अर्धवट कुजलेल्या मालात ओल मिळाली तर तो पुन्हा वाढतोही. म्हणून कच्च्या मालाचं फावडं-घमेलं वेगळं, त्याच्या कडेला लाल रंग फासलाय. तयार खत उंचावर, कच्चं शेण उताराला, म्हणजे अवकाळी आला तरी कच्च्याचं पाणी तयार मालाकडे वाहत नाही. कोंबड्यांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. आणि एक स्वतःसाठी: धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू या तापानं मरत नाहीत. हातमोजे घाला, इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

संक्रांतीच्या सुमाराला पालटूनही तापमान चढेना, चाळिशीच्या खालीच राहिलं. पाणी ठीक, हवा ठीक, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं खाणंच संपलं. आता तो बारदान्याखाली मुरत पडलाय. महिनाभर तरी हात लावणार नाही. नंतर थोडं खत बंद पिशवीत काही दिवस ठेवून वास बघायचा आणि ट्रेमध्ये मेथी टाकून बघायची. मेथी पिवळी पडली किंवा उगवलीच नाही, तर आणखी मुरू द्यायचं.

पुढचा ढीग होळीनंतर, आणि त्याचं गणित वेगळं. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा तबकडीवर पन्नास दिसले तरी ती सूर्याची करामत असू शकते. ढीग कोरडा पडला की कुजणं थांबतं, आणि साल्मोनेला कोरड्यातही बराच काळ जिवंत राहतो. म्हणून तो ढीग आंब्याच्या सावलीत रचणार, वर हिरवी शेडनेट, कडेनं जाड तणसाचं वेष्टण. आकडा फक्त पहाटे घ्यायचा, ऊन चढायच्या आत. तोवर कडुनिंबाचा पाला गळायला लागेल, पोती आतापासून मोकळी करून ठेवलीत.