आमची वाटचाल : आगपेटीतल्या नमुन्यापासून

१९९८ साली एसटी स्टँडमागे दहा बाय बाराच्या गाळ्यात लॅब टाकली तेव्हा आमच्याकडे हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज आणि आरशाचा मायक्रोस्कोप, एवढंच होतं. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला; रिपोर्टवर सहीला पॅथॉलॉजिस्ट मॅडम, त्याच भागीदार. लाइट गेली की आरसा खिडकीकडे वळवायचा आणि काम चालू. कोकणातली माणसं संडासाचा नमुना आगपेटीतून आणायची. मॅडम रागवायच्या नाहीत, रुंद तोंडाची कोरडी बाटली हातात द्यायच्या.

२०१३ मध्ये समोर एका मोठ्या साखळीचं कलेक्शन सेंटर आलं. साठ तपासण्यांचं पॅकेज, वर डॉक्टरांना कट. आम्ही कट दिला नाही, देणारही नाही. दिवसाचे चाळीस पेशंट सातवर आले. मॅडमनी दोन वर्षं आपला वाटा उचलला नाही, अ‍ॅनालायझरच्या (तपासणीच्या यंत्राच्या) हप्त्यासाठी मी मोटारसायकल विकली. कित्येक डॉक्टरांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. ते अजून लागतं.

एकच डॉक्टर चिठ्ठीवर आमचं नाव लिहीत राहिले. त्यांनी शेतात लावणीला जाणारी एक बाई पाठवली, हिमोग्लोबिन अवघं ५.२. समोरच्या सेंटरचा संडासाचा रिपोर्ट : ‘जंतांची अंडी आढळली नाहीत.’ नमुना रात्रीच्या गाडीने शहरात गेलेला! अहो, आपल्याकडच्या उकाड्यात हुकवर्मची (आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या जंताची) अंडी एक-दोन दिवसांत फुटून अळ्या निघतात. आम्ही ताजा नमुना मागवला. सलाईनच्या स्लाइडवरच पहिलं अंडं दिसलं. मग मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवून बाटली काठोकाठ भरली, वर स्लाइड टेकवली, वीस मिनिटं थांबलो. दहाच्या लेन्सखाली एकेका फील्डमध्ये चार-पाच अंडी : काचेसारखं पातळ कवच, आत चार पेशी, कवच आणि पेशींच्या मधे मोकळी जागा. डॉक्टर दवाखाना सोडून बघायला आले. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध आणि लोहाच्या गोळ्या यांनी बाई पुढच्या हंगामात पुन्हा शेतात उभी राहिली.

नव्या मुलांना सांगतो, नुसत्या फ्लोटेशनवर, म्हणजे मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवण्यावर, विसंबू नका. टीनिया जातीच्या टेपवर्मची (पट्टकृमीची) अंडी त्यात तरंगत नाहीत, खालचा गाळही बघा. एका नमुन्यावर ‘निल’ (काही सापडलं नाही) लिहू नका, वेगवेगळ्या दिवशीचे तीन मागवा. आणि पोर रात्री ढुंगण खाजवत असेल, तर सकाळी धुण्याआधी तिथे चिकटपट्टी लावून तीच स्लाइडवर घ्या. ही खाज आणणारा पिनवर्म जंत संडासात क्वचितच सापडतो.

मॅडम आता सत्तरीच्या आहेत. दुपारनंतर येतात. अंडं दिसलं की मी हाक मारतो. त्या चष्मा कपाळावर सरकवून आयपीसला डोळा लावतात आणि फाइन अ‍ॅडजस्टमेंट स्वतः फिरवतात.