पुसलेलं

"म्हणजे लोकांनी पुसलेलं तुम्ही वाचत बसता?"

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी शेव-उसळीची बशी पुढ्यात सरकवत आजीनं विचारलं आणि माझी बोलतीच बंद.

आम्ही डिजिटल फॉरेन्सिक्स, म्हणजे संगणकातले पुरावे शोधायला शिकतो. आज लॅबमध्ये फॉरमॅट केलेला जुना पेनड्राइव्ह होता. आपल्याकडून त्यावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावायचा, इमेज (हुबेहूब प्रत) काढायची, हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवायचा. क्विक फॉरमॅटनं फायलींची यादी तेवढी जाते. मजकूर, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तसाच पडून असतो. (एसएसडी असेल तर पुसलेली जागा आपोआप साफ करणाऱ्या ट्रिममुळे बहुतेकदा हाती भोपळा!)

शोधायची होती एक्सेल फाइल. आधी वर आलं कुणाचं तरी राजीनाम्याचं पत्र. तीन मसुदे. पहिला दीड पानी, रागावलेला. शेवटच्यात नुसतंच "मा. महोदय,". अख्खी बॅच स्क्रीनवर वाकली. एक्सेल राहिली बाजूला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. एक बिट बदलला तरी हॅश बदलतो, त्यामुळे पुराव्याशी कुणी छेडछाड केली तर कळतं. उत्तम सोय आहे.

पण तपासणाऱ्यानं जाता जाता आणखी काय काय वाचलं, त्याचा रकाना कुठे असतो?