पेपर मराठीने सोडवला होता

एप्रिलमधला रविवार. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशपरीक्षेच्या, इंग्रजीची सराव परीक्षा दुपारी एकला संपली आणि पडद्यावर आकडा आला: 250पैकी 107. मुलगी मंचरकडची, शाळा मराठी माध्यमाची, बारावी कला शाखेतून, पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी. इतिहास आणि राज्यशास्त्र ती मराठीतूनच देणार होती. या परीक्षेत 13 भाषांची सोय आहे आणि त्यांत मराठी आहे. इंग्रजीचा पेपर मात्र इंग्रजीतच द्यावा लागतो, आणि दिल्ली विद्यापीठासाठी भाषेचा पेपर म्हणून तिने तोच निवडला होता.

"मॅडम, माझी व्होकॅबच कच्ची आहे," असं म्हणत तिने पिशवीतून तीन हजार शब्दांचं जाडजूड पुस्तक काढलं. मी म्हटलं, ते राहू दे, आधी कच्च्या कामाचा कागद दाखव.

हिशोब असा निघाला: 24 बरोबर, 13 चूक, 13 कोरे. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीला वजा 1, म्हणजे 120 वजा 13. मी चुकांच्या आधी कोऱ्यांकडे वळले. तेरापैकी आठ प्रश्नांपुढे तिने कागदावर दोन-दोन अक्षरं लिहून ठेवली होती, 'ब, ड', 'अ, क' अशी. म्हणजे दोन पर्याय तिने स्वतःच्या अकलेने बाद केले होते आणि मग प्रश्न सोडून दिला होता. का? तर निगेटिव्ह मार्किंग आहे ना!

हे भय कुठून येतं ते कळत नाही, पण बहुतेक मुलांत असतं. खरं तर गणित सातवीतलं आहे. दोन पर्याय उरलेले आठ प्रश्न ठोकून दिले तर सरासरी चार बरोबर येतील, चार चुकतील. 20 वजा 4, म्हणजे 16 गुण. एकच पर्याय बाद करता आला तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 1 गुण पदरात पडतो. आणि काहीच कळलं नाही, चारही पर्याय सारखेच वाटले, तरी डोळे मिटून मारलेल्या बाणाला सरासरी अर्धा गुण मिळतो. कोऱ्या प्रश्नाला शून्य. एखाद्या वेळी डाव उलटा पडेलही, पण या परीक्षेच्या इंग्रजीत प्रश्न कोरा सोडण्यात काडीचा फायदा नाही. 2024पर्यंत 50पैकी 40 प्रश्न सोडवायचे असत, त्यामुळे दहा सोडून देणं तेव्हा ठीक होतं. 2025पासून 50 च्या 50 सोडवायचे आहेत, वेळ 60 मिनिटं. बाजारातले जुने संच घेताना हे बघून घ्यावं. ती आधी सरावाला वापरायची तो संच जुन्याच पद्धतीचा होता आणि सवय त्याचीच लागली होती.

मग 13 चुका. शब्दांच्या चार, रचनेच्या पाच, वाक्याचे तुकडे जुळवण्याच्या तीन, उताऱ्यातली एक. शब्दांच्या चार बघून मी जरा थांबलेच. त्या जाड पुस्तकातल्या अवघड शब्दांतला एकही नव्हता. होते ते कॅन्डिड, नर्व्हस, सँक्शन आणि क्रिटिकल. चारही तिला येत होते, पण मराठीतून. आपल्याकडे 'नर्व्हस झाला' म्हणजे हिरमुसला, नाराज झाला. इंग्रजीत तो धास्तावलेला असतो. तिने 'उदास' अर्थाचा पर्याय निवडला. कॅन्डिड तिने लग्नाच्या फोटोवाल्याकडून ऐकलेला, म्हणून समानार्थी दिला 'कलात्मक'. हवा होता 'फ्रँक', मनमोकळा, आडपडदा नसलेला. कर्ज सँक्शन होतं म्हणजे मंजूर होतं. पण एखाद्या देशावर सँक्शन्स लादली जातात तेव्हा ते निर्बंध असतात, अगदी उलटं. आणि क्रिटिकल म्हटलं की दवाखाना. समीक्षक पुस्तकाबद्दल क्रिटिकल होते, या वाक्यात तिने 'गंभीर अवस्थेतला' असा पर्याय दिला. न येणारा शब्द माणूस निदान दोनदा बघतो. असा ओळखीचा शब्द दगा देतो, कारण त्यावर कुणी थांबतच नाही.

तिला वहीचं एक पान आखायला लावलं: डावीकडे मराठी बोलताना वापरतो ते इंग्रजी शब्द, उजवीकडे शब्दकोशातले सगळे अर्थ, प्रत्येकासमोर एक वाक्य. स्मार्ट, हॉटेल, प्रॅक्टिकल, एक्स्पायर, पेशंट, मीन. अर्ध्या तासात 31 शब्द निघाले.

रचनेच्या पाच चुकांत तर मराठी उघडउघड बसलेली होती. 'शी हॅज बीन लिव्हिंग इन पुणे' यापुढे रिकामी जागा आणि मग 'टू इयर्स'. तिने सिन्स भरलं, कारण 'दोन वर्षांपासून'. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हीला एकच 'पासून' चालतं. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला सिन्स, कालावधीला फॉर. दुसरी चूक: 'अनटिल ही डझ नॉट कम'. आपण 'तो येत नाही तोपर्यंत' म्हणतो, म्हणून 'नॉट' घुसलं. अनटिलला ते लागत नाही, आणि अनलेसच्या तर पोटातच 'नाही' आहे. तिसरी: ऑल्दो वापरून पुढे बट. 'जरी'ला 'तरी' हवंच, असं कान सांगतो. इंग्रजीत दोन्हीपैकी एकच ठेवायचं. चौथी: सुपीरियर दॅन, 'पेक्षा'मुळे. सुपीरियर, इन्फिरियर, सीनिअर, ज्युनिअर, प्रायर आणि प्रिफर यांच्यापुढे टू येतं. पाचवी: डिस्कस अबाउट, कारण चर्चा नेहमी कशा'बद्दल' तरी असते.

अशा चुकांवर नियमांचं पुस्तक वाचून उपयोग थोडा. मी करून घेते ते एवढंच: मराठी प्रत्यय किंवा जोडशब्द वर लिहायचा, खाली त्याची इंग्रजी रूपं आणि प्रत्येकाचं एक वाक्य. पासून, साठी, वर, शी, बद्दल, पेक्षा, जरी-तरी, जोपर्यंत. आठ पानं होतात. एवढी सुटली की रिकाम्या जागांचा बराच डोंगर हलतो.

तुकडे जुळवण्यातल्या तिन्ही चुका एकाच जातीच्या. एकात चार तुकडे होते: द ओल्ड लायब्ररी, विच वॉज बिल्ट बाय द रिव्हर, हॅज बीन क्लोज्ड, फॉर रिपेअर्स. तिने विच पहिलं ठेवलं. 'जी नदीकाठी बांधली होती ती लायब्ररी' अशी मराठी चाल. इंग्रजीत विच किंवा हू असलेला तुकडा नामानंतर लगेच चिकटतो. आधी मुख्य क्रियापद शोधायचं, मग कर्ता, मग विच-हू चिकटवायचं आणि उरलेलं शेवटी. अख्खी वाक्यं लावायची असतील तर 'ही' (he), 'दिस' किंवा 'दीज' अशा सर्वनामाने सुरू होणारं वाक्य सहसा पहिलं नसतं. एखाद्या वस्तूला आधी 'अ' लागतो, पुन्हा उल्लेख आला की 'द'. दोनच वाक्यांची जोडी पक्की झाली की पर्याय बघावेत, बहुतेकदा तेवढ्यावर दोन बाद होतात.

उताऱ्यातली चूक एकच, पण वेळ तिथेच गेला होता. अभ्यासक्रमात माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक असे तीन प्रकार आहेत, उतारा जास्तीत जास्त 300 ते 350 शब्दांचा. मोबाईलवर घड्याळ लावून तिला 350 शब्द वाचायला दिले: 4 मिनिटं 10 सेकंद. ओठ हलत होते. ओठ हलवत वाचलं की वाचन बोलण्याच्या वेगापुढे फारसं जात नाही. त्यात प्रत्येक प्रश्नाला उतारा पहिल्यापासून वाचायची सवय. रोज एक अग्रलेख, हाताखाली पेन्सिल नाही, अडीच मिनिटांचं लक्ष्य. माहितीपर उताऱ्याचे प्रश्न आधी चाळले तर चालतात. साहित्यिकाला मात्र उताराच आधी, नाहीतर सूर हुकतो.

पडद्याचा एक भाग राहिला होता. एका प्रश्नाचं उत्तर तिने निवडलं होतं म्हणे, पण गणतीत ते कोरं. सेव्ह न करता उजवीकडे दुसऱ्या कुठल्या प्रश्नाच्या क्रमांकावर क्लिक केलं की निवडलेला पर्याय जातो. प्रश्नाच्या क्रमांकाला जांभळा रंग म्हणजे फक्त फेरविचारासाठी खूण. उत्तरही नोंदलेलं असेल तर त्यावर हिरवी खूण दिसते आणि ते मोजलं जातं. नुसत्या जांभळ्याला काही मिळत नाही.

चार वाजता कोरे राहिलेले 13 प्रश्न पुन्हा दिले, 15 मिनिटं, एकही सोडायचा नाही. 7 बरोबर, 6 चूक: 35 वजा 6, म्हणजे 29. चुकलेल्यांत एक शब्द ओव्हरसाइट होता. "मॅडम, ओव्हरसाइट म्हणजे देखरेख ना?" म्हटलं, देखरेखही आणि नजरचूकही. आता वाक्य वाच. तिने वाचलं, "ड्यू टू अ‍ॅन ओव्हरसाइट", आणि तिथेच थांबून वहीच्या डाव्या बाजूला बत्तिसावा शब्द लिहिला.