आधी पॅकिंग लिस्ट, मग बाकी सगळं

निर्यातीच्या डॉक्युमेंटेशनला, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करायला, नवीन आलेली मुलं फाइल उघडली की आधी इन्व्हॉइस करायला घेतात. साहजिक आहे, पैशाचा आकडा तिथे असतो. मी मात्र पॅकिंग लिस्ट, म्हणजे कंटेनरमध्ये काय आणि किती भरलं त्याची यादी, हातात आल्याशिवाय इन्व्हॉइसकडे बघतही नाही. आणि ती ऑर्डरवरून टाइप केलेली चालत नाही. कंटेनर भरताना गोदामातल्या माणसाने उभ्याउभ्या लिहिलेली हवी, मग त्यावर चहाचे डाग असले तरी हरकत नाही.

समजा ऑर्डर ४८० खोक्यांची आहे, २० पॅलेट, प्रत्येकावर २४. भरताना चार खोकी ओली निघाली म्हणून बाजूला काढली आणि कंटेनरमध्ये गेली ४७६. आता इन्व्हॉइस, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), ओरिजिन सर्टिफिकेट (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला), विमा, कस्टम्सचं डिक्लेरेशन हे सगळं ४७६ वर उभं राहणार. कागद आधीच ४८० ने करून ठेवले असतील तर पाच ठिकाणी दुरुस्ती आली, आणि त्यातली एक हमखास राहते. राहिलेली सापडते ती तिकडच्या बंदरावर, कस्टम्सच्या माणसाला.

बीएलवर नग कसे लिहायचे यावर फारसं कोणी डोकं चालवत नाही. ‘२० पॅलेट’ एवढंच लिहून मोकळे होतात. मी ‘२० पॅलेट, त्यावर ४७६ खोकी’ असं लिहून घेते. समुद्री वाहतुकीचे हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तिथे जहाज कंपनीची भरपाईची मर्यादा नगामागे ६६६.६७ एसडीआर (आयएमएफचं हिशोबाचं एकक) किंवा किलोमागे २ एसडीआर, यातली जी जास्त ती. नग किती, हे बीएलवर जे मोजून लिहिलंय त्यावरून ठरतं. नुसता ‘एक कंटेनर’ लिहिला तर अख्खा कंटेनर म्हणजे एक नग. एका ओळीच्या आळसापायी केवढा फरक पडतो बघा.

मग वजनं. इथे सगळ्यात जास्त गोंधळ. एका खोक्याचं ग्रॉस, म्हणजे पॅकिंगसकट वजन, २४.५ किलो, म्हणजे ४७६ चे ११,६६२. रिकामे पॅलेट १८ किलोचे, त्यांचे ३६०. बीएलवर जाणार १२,०२२. पण व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, त्यात कंटेनरही आला. दारावर टेअर, म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन, ३,८०० छापलाय, आत आधाराला लावलेलं लाकूड ६० किलो, म्हणजे १५,८८२. बीएलचाच आकडा व्हीजीएममध्ये टाकणारे लोक अजूनही भेटतात. १ जुलै २०१६ पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्हीजीएम दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. भरलेला कंटेनर काट्यावर घाला किंवा आतली सगळी वजनं मोजून टेअर मिळवा, दोन्ही चालतं. जबाबदारी मात्र शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची; वाहतुकीची व्यवस्था बघणाऱ्या फॉरवर्डरची नाही.

कंटेनर नंबर मी फोनवर सांगितलेला घेत नाही. दाराचा फोटो मागते, सीलचाही. ‘ताई, दार लावून ट्रेलर गेलासुद्धा’ हे उत्तर मिळालं तर ट्रेलरच्या ड्रायव्हरला फोन. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा. हा सातवा चेक डिजिट, आधीच्या दहांच्या हिशोबातून येतो. नमुन्याला नेहमी दिला जाणारा सीएसक्यूयू ३०५४३८३ घ्या. हिशोब केला की शेवटी ३ च येतो. मधला एक आकडा चुकवून बघा, जुळणार नाही. हा हिशोब करणारी एक शीट माझ्या कंप्युटरवर कायम उघडी असते.

लाकडी पॅलेट असतील तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का भरायच्या आधीच बघायचा. त्यावरचं एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं उष्णता दिलेली. माल आत गेल्यावर तो शिक्का कोणाच्या बापाला दिसत नाही.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर मालाचं वर्णन इन्व्हॉइसवर एलसीतलंच उतरवते, स्वल्पविरामासकट. आपल्याला भाषा सुधारायची हुक्की येते, ती इथे आवरायची. बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, यूसीपी ६००, यांच्याप्रमाणे माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत जायला हवेत आणि एलसीची मुदतही उलटून चालत नाही. एलसीतच याहून कमी दिवस दिले असतील तर तेच धरायचे.

बीएलचा ड्राफ्ट आला की एकाने वाचायचं, दुसऱ्याने पॅकिंग लिस्टवर बोट ठेवायचं. एकट्याने वाचलं की डोळे ओळखीच्या ओळी वगळतात. एसआय (शिपिंग इन्स्ट्रक्शन, बीएलसाठी आपण द्यायचा तपशील) देण्याच्या कटऑफनंतर दुरुस्तीला लाइन, म्हणजे जहाज कंपनी, पैसे लावते, त्यामुळे हे काम जेवणानंतरवर ढकलायचं नाही.

आणि बीएलचे ओरिजिनल. बहुतेक वेळा तीन निघतात. एलसी नसेल आणि पैसे यायचे असतील तेव्हा माल घेणारी पार्टी गोड बोलून म्हणते, ‘एक तरी कुरिअर करा, दोन तुमच्याकडे आहेतच की.’ एका ओरिजिनलवर माल सुटतो आणि उरलेले दोन रद्दी होतात. म्हणून पैसे येईपर्यंत तिन्ही आमच्या तिजोरीत. आले की लाइनकडे सरेंडर करायचे, पार्टीला रिलीजचा मेल जातो आणि कुरिअरचा खर्चही वाचतो.